पाठ न सोडणारा: डेमियन मायाच्या कारकिर्दीचा अभ्यास

२९ ऑगस्ट २००९. अमेरिकेतलं पोर्टलंड शहर, ‘यूएफसी १०२’ ही स्पर्धा. यूएफसी म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या, पिंजऱ्यात होणाऱ्या मिश्र लढती. पिंजऱ्यात एका बाजूला नेट मार्क्वार्ट, दुसऱ्या बाजूला ब्राझीलच्या साओ पावलोचा डेमियन माया. माया तोवर व्यावसायिक ११ लढती लढला होता आणि अकराही जिंकला होता. लढत सुरू झाली, मायाने लाथ उचलली, आणि तो एका पायावर असतानाच मार्क्वार्टचा उजवा ठोसा सरळ चेहऱ्यावर बसला. माया धाडकन आडवा. रेफ्री मध्ये पडला तेव्हा घड्याळात २१ सेकंद झाले होते.

पराभव कुणाचाही होतो. मला या प्रकरणात रस आहे तो त्यानंतरच्या निर्णयांमुळे. एकाच कलेत, ब्राझिलियन जिउ-जित्सूत, जगात अव्वल असलेल्या माणसाने, ती कला अपुरी पडल्यावर काय करावं? तिच्याबाहेरचं शिकावं की तिच्यातच आणखी खोल जावं? मायाने दोन्ही करून पाहिलं, तेही सगळ्या जगासमोर आणि अंगावर मार घेत. यूएफसीतल्या त्याच्या ३३ लढती ओळीने पाहिल्या की या प्रश्नाचं जितकं स्पष्ट उत्तर मिळतं तितकं दुसऱ्या कुणाच्या कारकिर्दीत मला सापडलेलं नाही.

आधी त्याच्या कलेविषयी थोडं, कारण कुस्ती पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती पहिल्यांदा उलटी दिसते. आपल्याकडे पाठ टेकली की खेळ खलास, पैलवान चितपट. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावर खेळाला रंग चढतो. खालचा खेळाडू वरच्याला दोन्ही पायांत धरून ठेवतो, त्याला ‘गार्ड’ म्हणतात, आणि तिथूनच तो हात मोडायला किंवा गळा आवळायला निघतो. पाठ जमिनीला लागणं चालतं. पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणं मात्र जीवघेणं. कारण माणसाला मागे डोळे नाहीत, मागे ठोसा मारता येत नाही, आणि गळा उघडा पडतो. ही विद्या जपानी जूदोपटू मित्सुयो माएदाकडून आली. तो १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचला आणि बेलेंमध्ये स्थायिक झाला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, कार्लोस आणि त्याचा धाकटा भाऊ एलियो यांनी ती घडवली, आणि एलियोचा मुलगा रॉयस १९९३ मध्ये डेन्व्हरला झालेली पहिलीवहिली यूएफसी जिंकला तेव्हा तिची ताकद जगाला कळली. अंगाने किरकोळ वाटणारा रॉयस धिप्पाड माणसांना एकेक करून शरण आणत होता.

मायाचा जन्म १९७७ चा. तो ग्रेसी घराण्यातला तर नाहीच, रिओच्या किनाऱ्यावर वाढलेला पोरगाही नाही. पत्रकारितेची पदवी घेतलेला साओ पावलोचा मध्यमवर्गीय मुलगा. लहानपणी जूदो, पुढे कराटे, कुंग फू असं करत तो जिउ-जित्सूकडे वळला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. उशीरच म्हणायचा. पण फाबियो गुर्जेल यांच्या हाताखाली त्याने काळा पट्टा मिळवला तो ४ वर्षं ७ महिन्यांत. हौशी माणसाला यासाठी सहज दहा वर्षं लागतात. माझ्या ओळखीतले काही जण आठ-आठ वर्षं घाम गाळून अजून जांभळ्या पट्ट्यावर आहेत. एडीसीसी ही पकडीच्या खेळातली सर्वांत मानाची जागतिक स्पर्धा. तिथे २००५ मध्ये ८८ किलो गटात माया रौप्यपदकापर्यंत पोहोचला आणि २००७ मध्ये त्याने सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तिशीला जेमतेम काही दिवस उरले असताना, तो यूएफसीत उतरला.

सुरुवातीच्या पाच लढती म्हणजे नुसती मेजवानी होती. रायन जेन्सन, एड हर्मन, जेसन मॅकडोनल्ड, नेट क्वॉरी, चेल सोनेन. पाच प्रतिस्पर्धी, पाचही शरण. फेब्रुवारी २००९ मध्ये लंडनला झालेली सोनेनची लढत मी कितीदा पाहिली असेल सांगता येत नाही. सोनेन म्हणजे अमेरिकन कॉलेज कुस्तीत मुरलेला गडी, त्याला पाडणं म्हणजे भिंत पाडणं. दोघे छातीला छाती लावून भिडलेले. सोनेन पुढे रेटतोय. माया त्याचा रेटा अंगावर घेतो, त्याच रेट्याने त्याला कुशीवरून फिरवून टाकतो आणि जमिनीवर येईपर्यंत स्वतः त्याच्या छातीवर स्वार झालेला असतो. मग एक पाय हळूच मानेमागे सरकतो, ‘ट्रँगल’ बसतो, दोघे लोळतात, आणि पहिल्याच फेरीत सोनेन हार मानतो. अख्ख्या लढतीत मारामारी अशी झालीच नाही. मायाचं म्हणणंही तेच होतं. समोरच्याला इजा न करता जिंकता येतं हे मला दाखवायचंय, असं त्याने अनेकदा बोलून दाखवलं. डोकी फोडण्यावर चालणाऱ्या धंद्यात हे वाक्य बोलायला छाती लागते.

आणि मग पोर्टलंडचे ते २१ सेकंद.

पहिला निर्णय

मायाने त्या रात्रीचा अर्थ असा लावला: माझं उभ्याने लढणं कच्चं आहे, ते पक्कं केलं पाहिजे. यात चूक काही नव्हती. कुठल्याही प्रशिक्षकाने हेच सांगितलं असतं. तो बॉक्सिंगवर मेहनत घेऊ लागला, ठोसे सुधारलेही. पण हळूहळू एक विचित्र गोष्ट झाली. जी गोष्ट त्याला जगात सर्वांत चांगली येत होती, तिच्याकडे जायची घाईच त्याला राहिली नाही.

आकडेच बघा. मिडलवेट, म्हणजे ८४ किलो गटात, मार्क्वार्टच्या आधीचे पाचही विजय शरणागतीचे. त्यानंतर याच गटात तो चार लढती जिंकला, डॅन मिलर, मारिओ मिरांडा, केंडल ग्रोव्ह आणि होर्गे सांतियागो यांच्याविरुद्ध. चारही गुणांवर. एकालाही शरण आणता आलं नाही. सोनेननंतर पुढची शरणागती मिळायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. एवढा काळ जगातला सर्वोत्तम गळा आवळणारा माणूस गळ्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

मध्ये एप्रिल २०१० मध्ये विजेतेपदाची लढत चालून आली. वीतोर बेल्फोर्ट जखमी झाला म्हणून अँडरसन सिल्वासमोर मायाला उभं केलं गेलं, अबू धाबीत. एडीसीसी या नावातलं ‘एडी’ म्हणजे अबू धाबीच. ज्या शहराने त्याच्या कलेला सर्वांत मोठं व्यासपीठ दिलं, तिथेच ती कला त्या रात्री कामाला आली नाही. सिल्वा अंतर राखून होता, मायाला पकडीच्या टप्प्यात येऊच देत नव्हता. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने मायाला सडकून काढलं, आणि नंतर लढायचं सोडून नाचायला, चिडवायला लागला. पाचव्या फेरीत रेफ्रीला त्याला ताकीद द्यावी लागली. इकडे नाक मोडलेलं, डोळा सुजून बंद होत आलेला, तरी माया शेवटच्या क्षणापर्यंत पुढे चालत ठोसे टाकत राहिला. लोकांच्या लक्षात सिल्वाचा तमाशा राहिला. मला आठवतो तो न थांबता पुढे येणारा माया. लढत तो हरला, पण स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं.

२०११ मध्ये तो मार्क मुन्योझकडून हरला आणि जानेवारी २०१२ मध्ये ख्रिस वाइडमनकडून. वाइडमनने ऐनवेळी, ११ दिवसांच्या मुदतीत लढत घेतली होती, दमला होता, तरीही जिंकला. ती लढत बघताना जीव तुटतो. दोन अव्वल पकडीचे खेळाडू उभ्या उभ्या दमलेले ठोसे मारतायत, आणि माया असा लढतोय की जणू एडीसीसीचं सुवर्णपदक दुसऱ्याच कुणाचं होतं. शिकलेल्या नव्या गोष्टीने जुनी गोष्ट झाकून टाकली होती.

दुसरा निर्णय

वाइडमननंतर मायाने दोन गोष्टी बदलल्या. पहिली, वजन. ८४ किलोवरून तो वेल्टरवेटला, म्हणजे ७७ किलोवर उतरला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. वरच्या गटात तो नेहमी अंगाने लहान पडायचा, पकडीत ते भोवतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याने पुन्हा जिउ-जित्सू हाच आपल्या खेळाचा पाया केला, आणि त्या पायापर्यंत न्यायला कुस्तीचा रस्ता बांधला. बॉक्सिंग राहिलं, पण अंतर मिटवण्यापुरतं.

हा रस्ता नीट समजून घ्यायला हवा, सगळं मर्म त्यात आहे.

माया वाकून आत शिरायचा आणि समोरच्याचा एक पाय धरायचा. इंग्रजीतून आलेला शब्द ‘सिंगल लेग’, आपल्या तालमीतला एकेरी पट. ज्याला कुस्ती येते तो काय करतो? कंबर मागे फेकतो आणि सगळं वजन पाय धरणाऱ्याच्या डोक्यावर, मानेवर टाकतो. इथे सामान्य माणूस पाय सोडून उभा राहतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. माया पाय सोडायचा नाही. तो मुद्दाम खाली बसायचा, अगदी पाठीवर यायचा आणि समोरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवायचा. ही ‘हाफ गार्ड’ची स्थिती. वरच्याला वाटायचं, मी पट हाणून पाडला, मी वर आहे. पण माया त्याच्या कमरेखाली शिरलेला असायचा. तिथून तो कुशीवर व्हायचा, पुन्हा तोच पाय कवळायचा आणि उठत उठत समोरच्याला पाडायचा. पडणारा माणूस सहजप्रवृत्तीने पालथा होऊन उठायला बघतो. पालथा झाला की पाठ मिळाली.

मग माया पाठुंगळीवर बसायचा. पोरं बापाच्या पाठीवर बसतात ना, तसा. एक पाय समोरच्याच्या पोटावरून घालून दुसऱ्या गुडघ्याच्या मागे अडकवायचा, झाली कैची. आता समोरचा उभा राहिला तरी माया पाठीवरच, जाळीला टेकला तरी पाठीवरच. दोन हातांनी तो मायाचा एक हात धरून ठेवतो, मायाचा दुसरा हात मोकळा. मिनिटागणिक समोरच्याचा श्वास कमी होत जातो. घाई नाही, राग नाही. हनुवटीखाली मनगट जाण्याइतकी फट केव्हा पडते याची वाट बघत बसायचं.

ऑक्टोबर २०१२, रिओ. रिक स्टोरीने हनुवटी छातीत घट्ट रोवून गळा पूर्ण झाकला होता. मायाने मग गळ्याचा नाद सोडला आणि जबड्यावरूनच आवळलं. स्टोरीच्या नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली आणि त्याने हार मानली, पहिल्याच फेरीत. साडेतीन वर्षांची कोरड त्या रात्री संपली. पुढच्या फेब्रुवारीत जॉन फिच. प्रतिस्पर्ध्याला दाबून, घुसळून तीन फेऱ्या काढायच्या यात फिचचा हातखंडा. त्या रात्री तीन फेऱ्या माया फिचच्या पाठीवर होता.

मधे जेक शील्ड्स आणि रोरी मॅकडोनल्ड यांच्याकडून दोन पराभव झाले. मग मे २०१४ पासून मे २०१७ पर्यंत सलग सात विजय: याकोव्हलेव्ह, लाफ्लेअर, मॅग्नी, गुन्नार नेल्सन, मॅट ब्राउन, कार्लोस काँडिट, होर्गे मास्विदाल. छत्तिशी ते एकोणचाळिशी, बहुतेक लढवय्ये निवृत्त होतात ते वय. कुरिचिबात मॅट ब्राउनला शेवटची २९ सेकंदं उरली असताना शरण आणलं. गुणांवर माया आरामात पुढे होता, तरी तो गळा शोधत राहिला. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये व्हँकुव्हरला काँडिट. हा काँडिट त्याच वर्षी जानेवारीत विजेतेपदाच्या लढतीत अगदी थोडक्यात हरलेला, पाच-पाच फेऱ्या हाडं मोडेपर्यंत लढणारा गडी. माया आत शिरला, पट काढला, पाठ घेतली, गळा आवळला. १ मिनिट ५२ सेकंद. काँडिटला ठोसा मारायची संधीच मिळाली नाही, आणि मायानेही त्याला मारलं असं म्हणता येणार नाही. समोरच्याला इजा न करता जिंकायचं, हे सात वर्षांपूर्वीचं त्याचं बोलणं त्या रात्री खरं झालं.

समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की माया काय करणार. महिनोन् महिने ते फक्त त्याच एका डावाचा बचाव घोटून यायचे. तरी तो डाव बसायचा. कारण पट हुकला तर हाफ गार्ड, हाफ गार्ड मोडला तर पुन्हा पट, अशी प्रत्येक बचावाच्या पोटात पुढची चाल तयार होती. एक डाव म्हणायचा, पण त्यात पन्नास फाटे होते.

जिथे रस्ता संपला

काँडिटनंतर विजेतेपदाच्या लढतीवर त्याचा हक्क होता असं माझं ठाम मत आहे. त्याला थांबवून ठेवलं. विजेता टायरन वुडली स्टीफन थॉम्पसनशी दोनदा लढला आणि मायाला आणखी एक परीक्षा द्यायला लावली, मास्विदालची. तीही तो जिंकला, पंचांच्या विभागलेल्या निकालावर. मग ११ आठवड्यांत, २९ जुलै २०१७ ला, वुडली.

पाच फेऱ्यांत मायाने वीसच्या वर वेळा पट काढायचा प्रयत्न केला. एकही यशस्वी झाला नाही. वुडली मिझुरी विद्यापीठाचा नावाजलेला कुस्तीगीर, त्याची कंबर दगडासारखी. आणि त्याने एक शहाणपण केलं जे आधीच्या कुणी केलं नव्हतं: पट हाणून पाडल्यावर तो मायाच्या अंगावर थांबलाच नाही. माया खाली बसला की वुडली मागे सरून उभा. हाफ गार्डला पकडायला पायच उरला नाही. प्रेक्षकांनी हुर्यो केली, कंटाळवाणी लढत म्हणून आजही तिची चेष्टा होते. अभ्यास म्हणून मला ती मायाच्या सर्वांत मोलाच्या लढतींपैकी एक वाटते, कारण त्याच्या यंत्राला इंधन कुठून मिळत होतं ते तिथे उघड झालं. समोरच्याने पकडीत राहण्याचा मोह धरला तरच ते चालायचं. फिच, ब्राउन, मास्विदाल यांनी जाळीला टेकून झगडा केला आणि अडकले.

मग कोल्बी कोविंग्टन, मग कामारू उस्मान. दोघेही कॉलेज कुस्तीतून आलेले, दोघांनीही वुडलीचाच कित्ता गिरवला. उस्मानशी तर माया बदली खेळाडू म्हणून ऐनवेळी लढला. सलग तीन पराभव झाले. ते तिघेही कधी ना कधी वेल्टरवेटचे विजेते किंवा हंगामी विजेते होते, हे मात्र विसरता कामा नये.

कुणी म्हणेल, तो उभ्याने चांगला असता तर वुडलीला हरवलं असतं. मला नाही पटत. २००९ ते २०१२ हा काळ त्याने नेमका त्याच दिशेने घालवला होता आणि काय मिळालं ते आपण पाहिलं. त्याच्याबरोबरच्या पकडवाल्यांकडेही बघा. मार्सेलो गार्सिया, जिउ-जित्सूच्या इतिहासातला बावनकशी माणूस, मिश्र लढतीत एकदाच उतरला, हरला आणि परत गेला. रोडोल्फो व्हिएरा, तितकाच मोठा विजेता, २०२१ मध्ये पहिल्या फेरीत सगळी ताकद खर्च करून बसला आणि दुसऱ्या फेरीत स्वतःच गळा आवळला जाऊन हरला. आयुष्यभर दुसऱ्यांना शरण आणणारा माणूस. पदकांनी भिंत भरलेली असणं आणि पिंजऱ्यात टिकणं यांत जे अंतर आहे, ते मायाने दमसास, संयम आणि एकेरी पट यांच्या जोरावर कापलं. रोनाल्डो ‘जकारे’ सोझानेही ते कापलं, पण त्याच्याकडे उपजत ताकद आणि जबर ठोसा होता. मायाकडे दोन्ही नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर तो पुन्हा तीन लढती जिंकला. त्यातली ऑक्टोबर २०१९ ची सिंगापूरची लढत बेन आस्क्रेनशी, म्हणजे मायासारखाच एका कलेवर जगलेला माणूस, फक्त कला कुस्ती. तिसऱ्या फेरीत आस्क्रेनने त्याला खाली घेतलं, वर आला. कुस्तीच्या हिशेबाने काम फत्ते. मायाने खालून त्याला पलटवलं, पाठ घेतली आणि गळा आवळला. यूएफसीतल्या त्याच्या २२ विजयांपैकी ११ शरणागतीचे, आणि त्या ११ पैकी ९ असेच, पाठीवरून.

मार्च २०२० मध्ये ब्राझिलियात गिल्बर्ट बर्न्स समोर होता, स्वतः जिउ-जित्सूचा जगज्जेता, मायापेक्षा ८ वर्षांनी लहान. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं. सुरुवातीलाच मायाने त्याचीही पाठ मिळवली. रिकाम्या सभागृहात कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांच्या सूचना शब्दन् शब्द ऐकू येत होत्या. बर्न्स सुटला, उभा राहिला, आणि थोड्याच वेळात त्याच्या डाव्या ठोशाने मायाला पाडलं. जून २०२१ मध्ये शेवटची लढत बेलाल मुहम्मदशी झाली, वय ४३. तीनही फेऱ्या माया वाकून आत शिरत होता, मुहम्मद कंबर मागे फेकत होता, आणि माया पुन्हा त्याच पायाकडे जात होता.